कडुबाच्या नावावरचं काळीज

आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव कडुबा ठेवलं. कडू चीज कोण खातो? यमानं उचललंच, तर तोंड वाकडं करून थुंकून टाकेल, असा सोयगावकडच्या त्या साध्या माणसांचा डाव. डाव लागू पडला आणि कडुबा जगला. दोन वर्षांनी धाकटा झाला तेव्हा घरातली भीती इतकी मोडली होती, की त्याला बिनधास्त देवाचं नाव दिलं, बद्रीनाथ. पुढं दोघं भाऊ एका साच्यातून काढल्यासारखे दिसायला लागले. नाक तेच, कपाळ तेच, पुढं पुढं केस गळायची तऱ्हासुद्धा तीच. फरक एवढाच, की कडुबा बसल्या जागी दमायचा आणि बद्री दिवसभर पळायचा.

शाळेत खेळाचे मार्क असत. त्यासाठी बद्री दोनदा कडुबाचा शर्ट घालून मैदानावर पळाला आणि दोन्ही वेळा कडुबा पहिला आला. मास्तरांना कळलं असेलही, पण निकाल चांगला लागला म्हणून तेही गप्प राहिले असतील. तेव्हापासून ती सवयच झाली. रेशनच्या रांगेत कडुबाच्या जागी बद्री, सासुरवाडीच्या कंटाळवाण्या बारशाला कडुबाच्या जागी बद्री. भावाच्या जागी भाऊ उभा राहिला, त्यात लबाडी ती कसली, असंच त्या घरात सगळ्यांना वाटायचं. त्यांच्या गल्लीत राहणाऱ्या मलाही परवापरवापर्यंत तसंच वाटत होतं.

आता दोघंही पन्नाशीपलीकडे. दोघांची घरं भावसिंगपुऱ्यात, एका गल्लीच्या दोन टोकांना. बद्री एका कॉलेजात शिपाई. रोज पहाटे तो गोगाबाबाच्या टेकडीवर पळत जायचा आणि पळत उतरायचा. तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्याला बघून लाजायची. कडुबा वाळूजच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छपराखाली रुळांवर सरकणारी ती क्रेन, तिला टांगलेली लोखंडी केबिन, आणि तिथं जायला बत्तीस पायऱ्यांची उभी शिडी. तो वर बसला की खालची माणसं मान वर करून त्याच्या हाताकडे बघायची, साहेबसुद्धा. ज्या माणसाला नावापासूनच कुणी नीट हाक मारली नव्हती, त्याला हे केवढं गोड लागत असेल!

पण वर्षभरापासून अठराव्या पायरीवर दम भरायला लागला होता. छातीत शिट्टी वाजायची. कडुबा तिथं थांबून हातमोजे नीट करायचं नाटक करायचा आणि पुन्हा चढायचा. अशात दिवाळीनंतर कंपनीनं फर्मान काढलं. पन्नाशी उलटलेल्या सगळ्या क्रेनवाल्यांनी शहरातल्या एका दवाखान्यात जाऊन सरकत्या पट्ट्यावर चालायची टेस्ट द्यायची. काळजात दोष निघाला तर क्रेन बंद, खाली पॅकिंगला.

कडुबा त्या संध्याकाळी जेवला नाही. उठून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"बद्री, पट्ट्यावर तू चाल," तो म्हणाला.

बद्रीनं कारणसुद्धा विचारलं नाही. "कधी जायचं?" एवढंच विचारलं.

बायकांना काही सांगितलं नाही. ओळखपत्रावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा होता, त्यात दोघांपैकी कुणीही खपून गेलं असतं. दोन सारखी तोंडं एकदम दिसायला नकोत म्हणून कडुबा दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला. तासाभरानं बद्री हसत हसत बाहेर आला. शर्टाची वरची बटणं उघडी, छातीवरचे केस ठिकठिकाणी तासलेले.

"लई गंमत, दादा. छातीला वायरी चिकटवल्या, दंडाला पट्टा बांधला. दर तीन मिनिटाला पायाखालचा पट्टा जोरात पळतो अन् चढबी वाढतो. पुढं टीव्हीवर आपल्या काळजाची रेघ. बसलो व्हतो तवा सत्तर, नंतर दीडशेच्या वर! मशीनवरचा मानूस म्हनला, काका, या वयात कुनी इतकं चालत नाय."

"मंग पास?"

"पासच की." बद्रीनं चहाचा घोट घेतला आणि डाव्या जबड्यावरून हात फिरवला. "आठव्या मिनिटाला हितं जरा आवळल्यागत झालं. अन् हितं, छातीच्या मधी. त्यानं इचारलं, काय व्हतंय का? म्या म्हनलं, काय नाय. थांबलो असतो तर तुझा कागद बिघडला असता."

कडुबानं खूश होऊन त्याला दुसरा चहा पाजला. बद्रीचं ते शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं होतं, पण कानात ठेवलं नव्हतं.

दहा दिवसांनी कंपनीच्या डॉक्टर मेघा मॅडमनी त्याला बोलावलं. समोर कागद पसरला होता आणि त्यावर लांबच लांब नागमोडी रेषा.

"बसा काका," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, पण नीट ऐका. माणूस बसलेला असतो तेव्हा काळीज मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. चढ चढायला लागला की पायांना जास्त प्राणवायू लागतो. मग श्वास वाढतो, ठोके वाढतात, तेच काळीज तिप्पट-चौपट रक्त ढकलतं. पण एवढं काम करायचं तर त्यालाही स्वतःपुरतं रक्त लागतं ना? ते आणणारी नळी अरुंद असली, तर बसल्या जागी काही कळत नाही. माणूस ठणठणीत दिसतो. चढावरच पितळ उघडं पडतं. तुमच्या या रेषा चढावर खाली गेल्यात, आणि थांबल्यावरही लवकर वर आलेल्या नाहीत. पट्ट्यावर असताना दुखलं होतं का कुठं? छातीत, हातात, जबड्यात?"

कडुबाचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. वर्षभराची भीती त्या कागदावर कुणीतरी लिहून काढल्यासारखं त्याला वाटलं. तो घामाघूम झाला. अँजिओग्राफी करून घ्या, असं मॅडम म्हणाल्या. कडुबा हातापाया पडायला लागला, तेव्हा त्यांनी एवढीच सवलत दिली, की तीन आठवडे गोळ्या घ्या, दगदग अजिबात नको, आणि मग पुन्हा एकदा टेस्ट करू. तोवर क्रेन बंद.

शिफ्टच्या बसमध्ये तो खिडकीशी डोळे मिटून बसला होता. घरी बायकोला, साळूबाईला काय सांगायचं, पॅकिंगला कसं उभं राहायचं, असं सगळं डोक्यात चालू होतं. नगर नाक्यापाशी बस धक्का देऊन थांबली आणि त्याच्या एकदम ध्यानात आलं, की पट्ट्यावर आपण चढलोच नव्हतो, बद्री चढला होता. जबडा आवळला होता तो बद्रीचा.

पुढच्या थांब्यापर्यंत त्यानं तो विचार उलटसुलट करून पाहिला आणि मग ठेवून दिला. बद्रीला काळजाचा आजार? रोज टेकडी पळणाऱ्या माणसाला? मशीनच बिघडलं असेल. दवाखानेवाल्यांना अँजिओग्राफीची गिऱ्हाइकं पाहिजे असतील. माणसाला जे नको असतं ते खोटं ठरवायला त्याला एक थांबासुद्धा पुरतो.

संध्याकाळी तो बद्रीकडे गेला. अंगणात दोघंच होते.

"रिपोर्ट खराब आलाय," कडुबा म्हणाला. "चढावर रेघा खाली गेल्या म्हनं. तीन आठवड्यानं परत टेस्ट."

बद्रीचं तोंड उतरलं. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा तो जमिनीकडे बघत राहिला.

"मीच कमी पडलो, दादा," तो म्हणाला. "शेवटच्या चढाला माझाच जोर गेला. माझ्यापायी तुझी क्रेन बंद झाली. पर आता बघ. तीन आठवडे लई झाले. दोनदा टेकडी मारतो रोज. ह्या बारीला असा चालतो, की मशीन दमलं पायजे."

इथं कडुबानं तोंड उघडायला हवं होतं. अरे येड्या, हे मार्क नव्हेत, हे तुझं काळीज आहे, एवढंच बोलायचं होतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याला शिडी दिसली, बत्तीस पायऱ्या आणि वरची केबिन. बद्री पुन्हा चालला तर कदाचित या वेळी रेषा सरळ येतील, असं त्याला वाटलं. त्याला असं वाटून घ्यायचं होतं, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

"बघ बाबा, तुला झेपंल तसं," तो म्हणाला आणि घरी आला.

मग सुरू झाले ते तीन आठवडे. साळूबाईनं नवऱ्याच्या नावाचा कागद पाहून देव पाण्यात ठेवले. कालवणातलं मीठ गेलं, तेल गेलं. रोज रात्री जेवण झालं की ती पाण्याचा तांब्या आणि दोन गोळ्या घेऊन समोर उभी राहायची, आणि त्या घशाखाली गेल्याशिवाय हलायची नाही. भावाच्या काळजाच्या गोळ्या कडुबा मुकाट गिळायचा. गल्लीतली माणसं त्याला बसायला खुर्ची द्यायची. गॅसची टाकी उचलायला बद्री धावत यायचा. "तू नको वाकू, दादा," असं म्हणून टाकी खांद्यावर टाकायचा, आणि कडुबा त्याच्या मागून रिकाम्या हातांनी चालायचा.

आणि रोज पहाटे बद्री टेकडी मारायचा. एकदा अंधारात, एकदा उजाडताना. दुसऱ्या आठवड्यात मंजुषा, म्हणजे बद्रीची बायको, साळूबाईकडे लवंगा मागायला आली. "ह्यांचा दात दुखतोय," ती म्हणाली. "चढावर पळाले की डावी दाढ ठणकती म्हनं. खाली बसले की राहती. असली कसली दाढ, काय माहीत." साळूबाईनं मूठभर लवंगा दिल्या. कडुबा पलीकडे खाटेवर पेपर वाचत होता. त्यानं पान न संपवताच पेपर घडी करून ठेवून दिला.

त्यानंतर त्याला झोप लागेना. शेवटी मंगळवारी, कंपनीतून परस्पर, तो दुसऱ्याच एका दवाखान्यात गेला. या वेळी स्वतः. पट्ट्यावर स्वतः चढला. चौथ्या मिनिटाला पाय जड झाले, सहाव्याला छातीत शिट्टी वाजायला लागली, सातव्याला तो हात हलवून थांबवा म्हणाला. आपण आता इथंच मरणार अशी त्याची खात्री होती. मशीनवरच्या माणसानं त्याला खुर्चीवर बसवलं, पण वायरी काढल्या नाहीत.

"पाच मिनिटं बसा काका. खरी परीक्षा थांबल्यावर असते. चांगलं काळीज थांबल्या थांबल्या उतरायला लागतं. हे बघा, दीडशे होतं, आता एकशे तीस... एकशे अठरा... मस्त."

डॉक्टरांनी कागद पाहिला, छाती ऐकली, एका नळीत फुंकर मारायला लावली. काळीज उत्तम. दोष फुप्फुसांत, बिड्यांनी आणि शेडमधल्या धुळीनं श्वासाच्या नळ्या आखडल्या आहेत. बिडी सोडा, हा पंप ओढत जा, शिडी चढाल. एवढंच. कडुबा पायऱ्या उतरून रस्त्यावर आला तेव्हा त्याला ओरडावंसं वाटत होतं. परवा गुरुवारी टेस्ट होती. ती आता तो स्वतःच देऊ शकणार होता. क्रेन वाचली! दहा पावलं तो त्या आनंदात चालला. अकराव्याला त्याच्या लक्षात आलं, की आपलं काळीज चांगलं असेल तर तो आधीचा कागद खोटा नाही. तो खरा आहे आणि तो बद्रीचा आहे.

तो तडक बद्रीच्या घरी गेला, ही गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. बद्री जेवत होता. मंजुषा गरम भाकरी वाढत होती.

"ये दादा, बस. मंजू, दादाला ताट कर, बिनमिठाचं," बद्री हसून म्हणाला. "परवा बघ आता. आज दोनी बारीला वरपर्यंत गेलो. दाढ ठणकली, पर थांबलो नाय."

कडुबा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. खिशात दोन्ही कागद होते. आता सांगायचं म्हणजे नुसतं तुला आजार आहे एवढं सांगून भागणार नव्हतं. तीन आठवडे मला माहीत होतं आणि मी तुला पळू दिलं, हेही सांगावं लागणार होतं, आणि तेही मंजुषासमोर. त्याला शरम वाटली, दुसरं काही नाही. शरमेनं त्याचं तोंड शिवलं. सकाळी एकटा गाठून सांगू, असं त्यानं ठरवलं.

"उद्या टेकडीवर जाऊ नको," एवढंच तो म्हणाला.

"का?"

"थंडी लई पडलीय."

बद्री खो खो हसला. "पळनाऱ्याला कसली थंडी!"

सकाळी पाचला कडुबा बद्रीच्या दारात उभा होता. मंजुषा झाडत होती. "ते कवाच गेले," ती म्हणाली. "आज लवकर उठले, उद्याची काय तरी तयारी हाय म्हनं. कसली हो तयारी?"

कडुबा तसाच वळला. तो आधी भराभर चालला, गल्ली संपल्यावर पळायला लागला. शाळेत असल्यापासून तो पळाला नव्हता. सपाटीवरच त्याचा श्वास आखूड झाला. टेकडीच्या पायथ्याशी छातीत शिट्टी सुरू झाली, मांड्या पेटल्या, तोंडाला लोखंडाची चव आली. काळीज कानात धडधडत होतं. बद्री, बद्री, असं तो ओरडत होता, पण ओरडायलाही हवा लागते आणि ती सगळी पाय खात होते. खाली उतरणाऱ्या भरतीच्या पोरी थबकून त्याच्याकडे बघायला लागल्या. "वरती एक काका बसलेत, त्यांना बरं वाटत नाहीये," त्यांतली एक म्हणाली. "आम्ही अँब्युलन्सला फोन केलाय." कडुबा थांबला नाही. दगडांना हात टेकत, रांगत, तो उरलेला चढ चढला.

बद्री एका दगडाला पाठ लावून बसला होता. डावा हात जबड्याला. थंडीत त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. भावाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"तू कशाला चढलास, दादा? तुझं काळीज..." तो म्हणाला. "दगदग... नको म्हनलंय ना तुला."

"बद्री, ऐक. त्यो कागद..." कडुबाला बोलता येईना. तो नुसता धापा टाकत राहिला. वाक्य पूर्ण करायला एका श्वासाची गरज होती आणि तेवढा श्वास त्याच्यापाशी नव्हता.

"उद्या नाय मी थांबनार," बद्री म्हणाला. "आठव्या मिनिटाला... नाय थांबनार." मग त्याची मान छातीवर आली.

पोरी धावत वर आल्या. त्यांतल्या एकीला छाती दाबायचं माहीत होतं. तिनं बद्रीला आडवा केला आणि मोजत मोजत दाबायला लागली. कडुबा शेजारी बसून होता. करण्यासारखं त्याच्या हातात काहीच नव्हतं. आणि बसल्या बसल्या त्याला जाणवलं, की आपला श्वास लांब होतोय. कानातली धडधड मागं सरतेय. शिट्टी बारीक झाली, मांड्यांतली आग विझली. मशीनवरचा माणूस म्हणाला होता तसंच सगळं घडत होतं. चांगलं काळीज थांबल्या थांबल्या उतरतं. त्यानं दोन्ही मुठींनी स्वतःच्या छातीवर मारलं, पण ते उतरायचं थांबेना. पाच मिनिटांत त्याला नीट बोलता यायला लागलं. तोवर पोरगी दमली होती आणि तिच्या जागी दुसरी आली होती.

घाटी दवाखान्यात डॉक्टरांनी बद्रीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली. नोंद करायला आलेल्या पोलिसानं वही उघडली. मंजुषा भिंतीला टेकून खाली बसली होती, साळूबाईनं तिला धरलं होतं.

"आधी काही त्रास होता का? कधी तपासणी केलेली?" पोलिसानं विचारलं.

"कसला तरास हो," मंजुषा रडत म्हणाली. "टेकडी पळायचे ते रोज. दवाखान्याची पायरी कधी चढले नाय. आजारी तर हे दादा हायेत, ह्यांला जपत व्हते."

"केली होती तपासणी," कडुबा म्हणाला.

त्यानं खिशातून घामानं ओले झालेले दोन कागद काढले आणि पोलिसापुढं धरले. पोलिसानं एक पाहिला, दुसरा पाहिला.

"पण या दोन्हींवर नाव कडुबा आहे."

"व्हय," कडुबा म्हणाला. "खराब हाय त्यो बद्रीचा."